महापालिकेत फेलो म्हणून एका वर्षात खरंच काही काम होतं, की नुसत्या पीपीटी?

तुमचं वय 24, इंजिनिअरिंग झालंय, मुख्यमंत्री फेलोशिपचा (तरुणांना वर्षभर सरकारी कार्यालयात कामाला घेणाऱ्या राज्याच्या योजनेचा) फॉर्म भरलाय, आणि महापालिका मिळाली तर "सिस्टीम काम करू देते का, कोणता विभाग मागू" असं विचारलंय. मी महापालिकेत वरिष्ठ लिपिक आहे, घनकचरा विभागात. महापालिका ड वर्गातली. नाव लिहीत नाही, नोकरी अजून शिल्लक आहे. फेलो, सल्लागार कंपन्यांची पोरं, 2020 नंतर ट्युलिप या केंद्राच्या शहरी इंटर्नशिप योजनेतली इंटर्न मंडळी, सगळी माझ्या टेबलासमोर बसून गेलीत. कारण विभागात चालू प्लग पॉइंट तेवढा एकच.

"सिस्टीम काम करू देत नाही" हे माझा धाकटा दीर दर दिवाळीला ऐकवतो. तो हिंजवडीत आयटीत आहे. म्हणून एवढं लिहायला बसले.

आमच्याकडे एक मुलगी आली होती फेलो म्हणून. हुशार. आल्या आल्या साहेबांनी तिला डॅशबोर्ड करायला लावला. तिने केला. तो आजही केबिनमधल्या टीव्हीवर झळकतो, आकडे मात्र ती होती तेव्हाचेच. मला त्या डॅशबोर्डचं कधीच कौतुक वाटलं नाही. कौतुक वाटलं ते ती सकाळी सहाला हजेरी शेडवर जाऊन मुकादमाशेजारी घंटागाडीत बसायला लागली त्याचं.

एका चाळीमागे कचऱ्याचा कायमचा स्पॉट होता. तिथे आम्ही दंडाचा बोर्ड लावला, रांगोळी काढली, कुंड्या ठेवल्या. कुंड्या चोरीला गेल्या, कचरा राहिला. जीपीएसवर पाहिलं तर गाडी रोज वेळेवर, सात वाजता हजर. मग लोक रस्त्यावर का टाकतात? आमच्या साहेबांचं उत्तर ठरलेलं: "मानसिकता." ही पोरगी चाळीतल्या बायकांशी बोलली. तिथे नळाला पाणी येतं साडेसहा ते आठ. नळ सोडून कचऱ्याची बादली घेऊन कोण खाली येणार? पाणी भरून होईपर्यंत गाडी गेलेली. मग नवरा कामाला जाता जाता पिशवी कोपऱ्यावर भिरकावतो. जीपीएसला गाडी दिसते, बादली दिसत नाही.

पाणीपुरवठा विभाग आमच्या वर दोन मजल्यांवर. पण कुठल्या गल्लीला पाणी नेमकं कधी सुटतं हे तिथल्याही संगणकात नव्हतं, व्हॉल्व्हमनच्या खिशातल्या डायरीत होतं. ती त्याच्याजवळ बसली आणि एक पानाचा तक्ता केला. डावीकडे पाण्याची वेळ, उजवीकडे गाडीची. बऱ्याच गल्ल्यांत दोन्ही एकाच वेळी! आयुक्तांनी बैठकीत तक्ता पाहिला आणि म्हणाले, उद्यापासून वेळ बदला. गाडी नऊला जायला लागली, कोपरा स्वच्छ झाला, पेपरात तिचा फोटो आला.

मी तेव्हाच म्हटलं होतं, टिपणी टाकू, म्हणजे फाईलवर मंजुरीसाठी लेखी प्रस्ताव. ठेकेदाराच्या कार्यादेशात वेळ लिहिलेली असते, ती तोंडी बदलत नाही. उपायुक्त म्हणाले, "पायलट आहे मॅडम, फाईल कशाला?" पोरीलाही वाटलं मी खोडा घालतेय. "ताई, फाईल केली की सहा महिने जातील." मग आयुक्तांची बदली झाली, तिचं वर्ष संपलं. लेखापरीक्षणात कार्यादेशातली वेळ आणि जीपीएसची वेळ जुळेना, म्हणून लेखा विभागाने ठेकेदाराच्या बिलातून कपात सुचवली. तो काय धर्मादाय संस्था चालवतो? गाडी परत सातला, पिशव्या परत कोपऱ्यावर.

दीर म्हणतो, तुमच्या सिस्टीमने पोरीचं काम मारलं. अरे बाबा, सिस्टीमला कुणी कळवलंच नव्हतं! आयुक्तांना माहीत होतं, पेपरला माहीत होतं, फाईलला माहीत नव्हतं. नंतर ती टिपणी मी टाकली. तिचा तक्ता परिशिष्ट म्हणून जोडला, पाणीपुरवठ्याचा अभिप्राय घेतला, लेखाचा घेतला. मधे एकदा "चर्चा करावी" असा शेरा मारून फाईल परत आली, ती पुन्हा वर पाठवली. वेळ लागला. पण पुढच्या निविदेच्या अटी-शर्तींत आलं की गाडीची वेळ त्या भागातल्या पाण्याच्या वेळा पाहून ठरवायची आणि त्या बदलल्या की बदलायची. आता आयुक्त कुणीही येवो. दिराला ते पान अट पिवळी करून व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं. त्याने अंगठा पाठवला.

आता तुमचं. 2015 ला सुरू झालेली, मधे बंद पडलेली आणि 2023 ला पुन्हा आलेली ही योजना तुम्हाला महिन्याला 61,500 रुपये देते आणि गट अ अधिकाऱ्याच्या समकक्ष दर्जा देते. सहीचा अधिकार देत नाही. म्हणजे तुमचं प्रत्येक काम दुसऱ्याच्या सहीने होणार, आणि त्या सहीआधीचा मजकूर आमच्यासारखं कुणीतरी लिहिणार. तेव्हा साहेबांच्या केबिनबाहेर ताटकळण्यापेक्षा टिपणी लिहायला शिका. 1949 च्या महापालिका अधिनियमाचं कलम 63 वाचा, महापालिकेने काय करायलाच हवं ते त्यात आहे. तुमची सूचना त्यात बसली तर "हे आपलं काम नाही" म्हणणाऱ्याचं तोंड बंद होतं. पैसा लागणार असेल तर अंदाजपत्रकात त्या खर्चाचं लेखाशीर्ष, म्हणजे खातं, आहे का ते आधी बघा. स्वच्छ सर्वेक्षणाच्या हंगामात तुम्हाला फोटो अपलोड करायला बसवतील. कुरकुरू नका, प्रत्येक मुकादमाचा नंबर तेव्हाच मिळतो.

फाईलवर आणलेलं सगळं जगतं असं मात्र नाही. मेलेल्या फायलींची कपाटं आहेत आमच्याकडे. शिवाय आमचं हे प्रशासकाच्या काळातलं, निवडून आलेले नगरसेवक नव्हते तेव्हाचं. नगरसेवक असता तर गाडी परत सातला गेल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने विभागात येऊन टेबल आपटलं असतं. जानेवारी 2026 च्या निवडणुकांनंतर ते परत आलेत, त्यांना टाळू नका, वॉर्ड त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळतो.

विभाग मागायची संधी मिळालीच तर पाणीपुरवठा मागा. घनकचऱ्यात फोटो चांगले येतात, पण व्हॉल्व्हमनच्या डायऱ्या अजून कुणी पूर्ण उतरवून घेतलेल्या नाहीत, आणि आमचा व्हॉल्व्हमन पुढच्या वर्षी निवृत्त होतोय.