मेळघाटात रानपिंगळा दिसेल का? त्याचा आवाज मोबाइलवर लावला तर चालेल का?

रानपिंगळा, म्हणजे हे लहानसं घुबड, दिसू शकतो. आवाज मात्र कृपा करून लावू नका.

तुम्ही डिसेंबरात जाणार म्हणता, म्हणजे ऐन विणीच्या हंगामात. ऑक्टोबर ते मे हा त्यांचा वीण आणि पिल्लांचा काळ. मादी ढोलीत बसलेली असते आणि नर तिला सरडे, उंदीर आणून भरवतो. मोबाइलवरची साद ऐकली की दुसरा नर घुसलाय असं समजून हा शिकार सोडून तुमच्या डोक्यावर ओरडत बसतो. तुम्हाला फोटो मिळतो, ढोलीत मादी उपाशी राहते.

या पक्ष्याला आपण एकदा गमावून बसलो होतो. पक्षीतज्ज्ञ ह्यूमने १८७३ मध्ये त्याचं वर्णन केलं, आणि १८८४ नंतर तो कुणाला सापडलाच नाही. नोव्हेंबर १९९७ मध्ये अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना शहाद्याजवळ, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, तो दिसला. तब्बल ११३ वर्षांनी! पुढे मेळघाट, यावल, तानसा इथेही आढळला. भारताबाहेर तो कुठेच नाही.

मला दिसला तो फेब्रुवारीत, सकाळी साडेनऊला, चांगलं ऊन चढल्यावर. हा दिवसा शिकार करतो, त्यामुळे रात्री बॅटरी घेऊन हिंडण्यात अर्थ नाही. सोबतच्या कोरकू वाटाड्याने नुसती हनुवटी वर केली. पानं झडलेल्या सागावर वीतभर पक्षी, आणि शेपटी सारखी डावी-उजवीकडे झटकत होता. साध्या पिंगळ्याचं डोकं पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेलं असतं, याचं जवळजवळ कोरं. पोट पांढरं, पायांवर दाट पांढरी पिसं, चोच दणकट.

त्याला स्वतःला ढोली कोरता येत नाही. जुनं, पोकळ झाड उभं असेल तरच घर. वाळकं म्हणून असं झाड तोडलं की एका जोडीची जागा गेली. मेळघाट १९७४ पासून वाघांसाठी राखलेलं आहे, त्या आडोशाला अशी झाडं टिकली, असं मला मनापासून वाटतं.

माझा तो साग कुठला, हे इथे लिहीत नाही. स्थानिक वाटाड्या घ्या, सात ते दहाच्या दरम्यान विरळ सागवनात थांबा आणि उघड्या फांद्या दुर्बिणीने एकेक करून बघत चला.