आरोपी मुलाला वकील दिला, म्हणजे त्याच्या चुकीला साथ दिली का?

"त्याला वकील देणं म्हणजे त्याच्या कृत्यावर पांघरूण घालणं नाही का?" अटक झालेल्यांच्या घरच्यांकडून हा प्रश्न मी सतत ऐकते. बहुधा तो घरातला सर्वांत सचोटीचा माणूस विचारतो.

असेच एक गृहस्थ सरकारी कार्यालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). मुलाने थोड्या पैशांसाठी स्वतःचं बँक खातं मित्राला वापरायला दिलं, त्यातून सायबर फसवणुकीची रक्कम फिरली. मुलगा न्यायालयीन कोठडीत. आई एकटीच मुलाखतीला, म्हणजे त्याला तुरुंगात भेटायला जायची. वकील दिलेलाच नव्हता.

"चुकलाय, भोगू दे," हे वडिलांचं एकच पालुपद. सुरुवातीच्या भेटी रागातच गेल्या. मी तो आवरायला सांगितलं नाही. रागाखाली शरम होती, आणि शरमेपुढे उपदेश चालत नाही.

मग एकदा विचारलं, "कार्यालयात कुणावर ठपका ठेवायचा झाला, तर काय करायचात?"

"आधी कारणे दाखवा नोटीस. मग त्याचा खुलासा."

"उघड उघड दोषी दिसत असला तरी?"

"तरीही. खुलासा न घेता केलेली कारवाई टिकत नाही, मॅडम."

मी गप्प राहिले. तेही बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "याचा खुलासा कुणी घेतलाच नाही. मीसुद्धा."

नवं तत्त्व गळी उतरवण्यापेक्षा माणूस जन्मभर पाळत आलेलं तत्त्वच त्याच्यापुढे ठेवावं, अशी माझी पद्धत. इतक्या वर्षांत तिने मला क्वचितच दगा दिला आहे.

बचावाचा वकील गुन्ह्याचं समर्थन करायला उभा राहत नाही, तो पुरावा तपासून घेतो. खातं दिलं हे मान्य केलं, तरी फसवणूक ठाऊक होती हे सरकार पक्षालाच सिद्ध करावं लागतं. आपल्या तुरुंगांत चारातले सुमारे तीन जण कच्चे कैदी आहेत, त्यांचा निकालच लागलेला नाही. तेव्हा "कोर्ट बघून घेईल" म्हणत थांबणं महागात पडतं. जुलै २०२४पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) जुनाच नियम कायम आहे: दहा वर्षं वा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत सर्वसाधारणपणे ९० दिवसांत आणि इतर गुन्ह्यांत ६० दिवसांत चार्जशीट (पोलिसांचं आरोपपत्र) आली नाही, तर जामिनाचा हक्क मिळतो. पण अर्ज करावा लागतो, आणि त्याआधी चार्जशीट दाखल झाली तर हा हक्क जातो. दिवस मोजायला कुणीतरी हवं ना! ऐपत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कोठडीतल्या माणसाला तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

वडील मुलाखतीला निघाले तेव्हा त्यांना एकच सांगितलं: "खरं काय घडलं ते तिथे विचारू नका. तब्येत विचारा, झोप लागते का विचारा. त्याने वकिलाला सांगितलेलं कायद्याने गोपनीय राहतं. तुम्हाला सांगितलेलं राहत नाही, उद्या तुम्हालाच साक्षीला बोलावू शकतात."