सहावीतली तुमची मुलगी कुठेही मागे पडलेली नाही

आलेलं पत्र: “आम्ही कॅलिफोर्नियात, सॅन होजेजवळ राहतो. मुलगी सहावीत आहे. कोणत्या गणिताच्या वर्गात बसवायचं ते ठरवणाऱ्या, पाचवीच्या शेवटी झालेल्या प्लेसमेंट टेस्टमध्ये थोडक्यात हुकली, त्यामुळे तिला ॲक्सलरेटेड, म्हणजे इयत्तेच्या पुढचं, गणित मिळालं नाही. शाळेत तिला ए मिळतो, पण तो साध्या गणितातला ए. आमच्या ओळखीतली बहुतेक मुलं पुढच्या गणितात आहेत, एक जण तर सातवीतच अल्जिब्रा करतोय. शनिवारचा क्लास आणि पुण्याच्या सरांची ऑनलाइन शिकवणी चालू आहे, तरी चाचणीच्या दिवशी सकाळी ती पोट दुखतं म्हणते. रविवारच्या मराठी शाळेत कुणी विचारलं तर कोणत्या गणितात आहेस ते सांगू नकोस, असं आम्ही तिला बजावलंय. उगाच न्यूनगंड नको. या उन्हाळ्यात सातवी-आठवीचं गणित ऑनलाइन संपवून तिला सातवीत थेट अल्जिब्राला बसवायचं आहे. कोणता कोर्स घ्यावा?”

नमस्कार. कोर्सचं नाव मी सांगणार नाही. तुमच्या पत्रात मला काळजी वाटली ती मराठी शाळेबद्दलच्या ताकिदीची. न्यूनगंड नको म्हणून तुम्ही तिला गप्प राहायला सांगितलंत. पण ज्या गोष्टीची लाज नाही ती कुणी लपवायला सांगत नाही, आणि एवढं अकरा-बारा वर्षांच्या मुलीला नेमकं कळतं. आपल्या वर्गाची आईबाबांना लाज वाटते, हे तिला तुमच्याकडूनच समजलं. न्यूनगंड आता बाहेरून यायची गरज उरलेली नाही. ती ताकीद आजच मागे घ्या. तिला समोर बसवून सरळ सांगा, की आम्ही तसं बोलायला नको होतं.

पोटदुखीला नाटक समजू नका. डॉक्टरांना दाखवा, आणि चाचणीच्याच दिवशी दुखतं हेही त्यांना सांगा. ज्या मुलीला शाळेत ए मिळतो तिला शाळेच्या चाचणीची भीती का वाटावी? कारण तो ए घरी चालत नाही. “साध्या गणितातला ए” हे शब्द तुम्ही मला लिहिलेत, म्हणजे घरात कधीतरी तिच्या कानावरही पडले असणार. मेहनत करून आणलेलं यश घरात कमी लेखलं गेलं, की मूल पुढच्या परीक्षेला फक्त धास्ती घेऊन जातं.

आणि ते गणित साधं नाहीच. सहावीत गुणोत्तर आणि टक्केवारी येते, अपूर्णांकाला अपूर्णांकाने भागणं येतं, ऋण संख्या येतात, अक्षर वापरून राशी लिहिणं सुरू होतं. तीन चतुर्थांश भागिले दोन तृतीयांश, याचं उत्तर उलटा गुणाकार करून बहुतेक मुलं काढतात. त्याचा अर्थ चित्र काढून सांगा म्हटलं, की अल्जिब्रापर्यंत पोचलेलीही अडतात. नववी-दहावीत अल्जिब्रा जमत नाही म्हणून माझ्याकडे येणारी मुलं बहुधा ‘एक्स’पाशी अडलेली नसतात. ती अपूर्णांक आणि ऋण चिन्हापाशी अडलेली असतात, म्हणजे जो भाग तुम्ही एका उन्हाळ्यात उरकायला निघाला आहात, तिथेच.

आता एका गैरसमजाबद्दल, कारण सगळी धावपळ त्याच्यावर उभी आहे. सातवीत अल्जिब्रा झाला नाही तर कॅल्क्युलस हुकतं, कॅल्क्युलस हुकलं तर चांगलं कॉलेज हुकतं, असा हिशेब आपल्या मंडळींत पक्का झालाय. तो कागदावर मांडून बघा. आठवीत अल्जिब्रा १ घेतला तर नववीत जॉमेट्री, दहावीत अल्जिब्रा २, अकरावीत प्रीकॅल्क्युलस आणि बारावीत एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीचं, कॅल्क्युलस. म्हणजे सातवीतल्या अल्जिब्राची गरजच पडत नाही. नववीत अल्जिब्रा १ सुरू करणारं मूलही, शाळेची परवानगी असेल तर, एका वर्षी जॉमेट्री आणि अल्जिब्रा २ एकत्र घेऊन तिथेच पोचतं. उलट सातवीत अल्जिब्रा घेतला तर कॅल्क्युलस अकरावीत येतं आणि बारावीत पुढचं गणित शोधत कम्युनिटी कॉलेज, म्हणजे दोन वर्षांचं स्थानिक कॉलेज, गाठावं लागतं. ज्याला गणिताची ओढ आहे त्याला तो आनंद वाटेल, बाकीच्यांना ओझं. अमेरिकेतल्या गणित शिक्षकांची आणि गणितज्ञांची संघटना, म्हणजे एनसीटीएम आणि एमएए, यांनी २०१२ मध्ये संयुक्त निवेदन काढून सांगितलं होतं, की मुलाला बारावीपर्यंत कॅल्क्युलसमधून पार करणं हे शालेय गणिताचं अंतिम ध्येय असू नये. आणखी एक गोष्ट: सातवी-आठवीतले ग्रेड युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया प्रवेशासाठी काढते त्या जीपीएमध्ये, म्हणजे ग्रेडच्या सरासरीत, धरलेच जात नाहीत.

मी पुढे जाण्याच्या विरोधात आहे असं समजू नका. सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी शाळांनी २०१४ मध्ये आठवीतला अल्जिब्रा सगळ्यांसाठीच बंद केला, तो निर्णय मला तेव्हाही चुकीचा वाटला होता. तयार असलेल्या मुलांना अडवून मागच्यांचं काही भलं होत नाही. मार्च २०२४ मध्ये तिथल्या मतदारांनी तो परत आणा असा कौल दिला, ते योग्यच झालं. पण तयार मूल ओळखू येतं. ते दिलेलं आटपून आणखी मागतं, उत्तर आलं तरी ‘असं का’ विचारत राहतं, आणि पुढच्या वर्गात जायचं हे ते स्वतः म्हणतं. तुमचं पत्र मी पुन्हा वाचलं. मुलीला काय हवंय याबद्दल त्यात एक ओळही नाही.

तिला गणित आणखी द्यायचंच असेल तर पुढच्या इयत्तेचं देऊ नका, खोल जाणारं द्या. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांची ६१७४ ही संख्या तुम्हाला आठवत असेल. तीन अंकांपासून सुरुवात करा. अंक वेगवेगळे असलेली कोणतीही संख्या घ्यायची, अंक उतरत्या क्रमाने लिहायचे, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करायची, आणि उत्तरावर पुन्हा तेच करायचं. शेवटी ४९५ येतं आणि तिथेच थांबतं. आता तिला विचारा: प्रत्येक वजाबाकीत मधला अंक ९ च का येतो? उत्तर सांगू नका, दोन-तीन दिवस जाऊ द्या. कधीतरी तिच्या लक्षात येईल, की मधले अंक एकमेकांना खाऊन टाकतात आणि उरतं ते पहिल्या-शेवटच्या अंकांच्या फरकाची ९९ पट. ते लिहायला तिला अक्षरं लागतील. अल्जिब्रा का लागतो, हे तिला कळेल, तेही कुठल्या टेस्टशिवाय. पुढच्या आठवड्यात चार अंक घ्या: ३५२४ वरून ३०८७, मग ८३५२, मग ६१७४.

बर्कलेसारखी मॅथ सर्कल्स, म्हणजे मुलं एकत्र जमून गणिताचे प्रश्न सोडवतात असे गट, तुमच्या भागात आहेत, एकदा सोबत जाऊन बसा. एएमसी ८, मॅथकाउंट्स, मॅथ कांगारू या स्पर्धा तिने मागितल्या तरच. तोवर मागचे पेपर घड्याळ न लावता सोडवायला काय हरकत आहे!

उन्हाळ्याचा कोर्स रद्द करा. शनिवारचा क्लास आणि पुण्याच्या सरांची शिकवणी यातलं एक बंद करा, कोणतं ते तिला ठरवू द्या. दोन्ही नको म्हणाली तर दोन्ही बंद. एप्रिलच्या आत तिच्या गणिताच्या शिक्षकांना भेटा. ‘वरच्या वर्गात कसं घालता येईल’ हे विचारू नका. प्लेसमेंट टेस्टमध्ये कोणते घटक कच्चे निघाले आणि आज ते कसे आहेत, एवढंच विचारा. पुष्कळ डिस्ट्रिक्टमध्ये सहावीच्या शेवटी पुन्हा संधी असते, तुमच्याकडे आहे का तेही विचारा. असेल आणि तिला द्यायची असेल तर देऊ द्या, नसेल द्यायची तर सातवीचं गणित सातवीत होईल. दोन कोर्स एकत्र घ्यायचे की नाहीत हा प्रश्न हायस्कूलमध्ये येईल, तेव्हा शाळेच्या कौन्सेलरसमोर ती बोलेल आणि तुम्ही शेजारी बसून ऐका.