'बस' हे कशाचं संक्षिप्त रूप आहे? 'खाली बस' आणि 'आता बस' यांच्याशी त्याचं काही नातं आहे का?

नातं अजिबात नाही. हे तीन वेगळे शब्द तीन वाटांनी आले आणि मराठीत एकाच उच्चाराचे होऊन बसले. "बस आली, आता बस कर आणि आत जाऊन बस" या वाक्यात लॅटिन, फारसी आणि संस्कृत एकामागोमाग येतात.

संक्षिप्त रूप आहे ते गाडीच्या बसचं. ती 'ऑम्निबस'चं शेपूट. लॅटिनमध्ये 'ऑम्निस' म्हणजे सर्व आणि 'ऑम्निबुस' हे त्याचं चतुर्थीचं अनेकवचन, म्हणजे सर्वांना, सर्वांसाठी. त्यातला 'बुस' हा निव्वळ विभक्तिप्रत्यय. समजा, आपण एखाद्या गाडीचं नाव 'सर्वांना' ठेवलं आणि घाईघाईत 'सर्वां' गाळून लोक "ना आली, ना आली!" म्हणत धावू लागले, तर जे होईल तेच इथे झालं. अर्थ गळाला आणि प्रत्यय तेवढा जगभर गेला. शब्दांच्या इतिहासातली ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट आहे.

गाडीला हे नाव फ्रान्समध्ये पडलं. नांत शहरात १८२६ च्या सुमारास स्तानिस्लास बोद्री याने आपल्या स्नानगृहाकडे गिऱ्हाइकं आणायला घोडागाडी सुरू केली. लोक मधेच चढायचे, मधेच उतरायचे. धंदा आंघोळीत नसून गाडीत आहे, हे त्याने ओळखलं. गाडी ओम्नेस नावाच्या टोपीवाल्याच्या दुकानापाशी थांबायची आणि त्याच्या पाटीवर 'ओम्नेस ऑम्निबुस' अशी कोटी होती, अशी आख्यायिकाही सांगतात. १८२८ मध्ये ही गाडी पॅरिसला आली आणि ४ जुलै १८२९ रोजी जॉर्ज शिलिबियरने लंडनमध्ये पॅडिंग्टन ते बँक ऑफ इंग्लंड अशी सुरू केली. तीन घोडे, बावीस उतारू. इंग्रजीत तिचं 'बस' व्हायला फार वर्षं लागली नाहीत.

विजेच्या पॅनेलमधला 'बसबार'ही याच घरातला. एकाच पट्टीवरून सगळ्या जोडण्यांना वीज मिळते, म्हणून ती 'सर्वांसाठीची' पट्टी. तिथून हा शब्द संगणकात शिरला. 'यूएसबी'मधला 'बी' म्हणजे हीच बस.

'खाली बस'मधला 'बस' मात्र आपल्या घरचा. संस्कृत 'उपविश्', त्यावरून प्राकृतातून जुन्या मराठीत 'बैसणे' आणि मग 'बसणे'. सुरुवातीचा 'उ' गळाला आणि 'प'चा 'ब' झाला. हिंदीतलं 'बैठना' याच धातूच्या 'उपविष्ट' या रूपातून आलं, म्हणजे सख्खं भावंडच. आणि या क्रियापदाने मराठीत किती जागा व्यापली आहे पाहा: घसा बसतो, धक्का बसतो, विश्वास बसतो, धंदा बसतो, अंगरखा अंगात बसतो. "बोलत बसला"मध्ये वेळ गेल्याची चुटपुट आहे, "गमावून बसला"मध्ये हळहळ. दोन्हीकडे खरं बसणं कुठेच नाही.

राहिला 'पुरे' या अर्थाचा 'बस'. तो फारसी, तिथेही अर्थ 'पुरे' असाच. बोलताना आपण त्याला बहुतेक वेळा 'बास' किंवा 'बस्स' करतो, त्यामुळे बाकीच्या दोघांपासून तो कानाला लगेच वेगळा कळतो.