जॉन कीट्सवर कोणाचा प्रभाव होता आणि इतक्या लहान वयात गेलेला हा कवी आजही का वाचला जातो?

तुम्ही विचारलं आहे की जेमतेम २५ वर्षं जगलेल्या, हयातीत तीनच पुस्तकं निघालेल्या या इंग्रज कवीला, कीट्सला, कोणी घडवलं आणि दोनशे वर्षांनंतरही तो का टिकून आहे. मला दोन्हींचं उत्तर एकाच गोष्टीत दिसतं. तो दुसऱ्या कवीला जीव ओतून वाचायचा, आणि वेळ आली की त्याचं बोट सोडायचाही.

घरात साहित्याचं वातावरण असं नव्हतंच. वडील लंडनमध्ये भाड्याच्या घोड्यांचा तबेला सांभाळायचे. आईवडील लवकर गेले, पोरगा एका शल्यवैद्याकडे उमेदवारीला लागला, पुढे गाइज हॉस्पिटलात शिकला आणि १८१६ मध्ये त्याला औषधं देण्याचा परवाना मिळाला. विद्यापीठ नाही, ग्रीक येत नाही. पण शाळेच्या मुख्याध्यापकांचा मुलगा चार्ल्स काउडन क्लार्क हा त्याचा मित्र होता आणि त्याने याला पुस्तकं पुरवली. सोळाव्या शतकातला इंग्रज कवी स्पेन्सर याच्या 'फेअरी क्वीन' या दीर्घकाव्यात समुद्राला खांद्यांनी रेटत जाणारे देवमासे येतात. क्लार्कने लिहून ठेवलंय की त्या प्रतिमेबद्दल बोलताना कीट्स अंग ताणून स्वतःच धिप्पाड झाला होता!

१८१६ च्याच ऑक्टोबरात दोघांनी चॅपमनने इंग्रजीत आणलेला ग्रीक महाकवी होमर रात्रभर वाचला. कीट्स पहाटे घरी निघाला आणि सकाळी दहाच्या आत क्लार्कच्या टेबलावर त्याचं सुनीत (चौदा ओळींची कविता) येऊन पडलं होतं: नवा ग्रह दिसलेल्या खगोलशास्त्रज्ञासारखं मला झालं, असं सांगणारं. होमर मुळातून वाचता न येणाऱ्या माणसाने होमरवर लिहिलेली ही कविता आहे. जगातलं बरंचसं थोर साहित्य भाषांतरातूनच वाचणाऱ्या आपल्यासारख्यांना तर ती फार जवळची वाटायला हवी.

शेक्सपियर त्याचा आयुष्यभराचा सोबती. डिसेंबर १८१७ मध्ये भावांना लिहिलेल्या पत्रात त्याने शेक्सपियरचं बळ कशात आहे ते सांगितलं: अनिश्चिततेत, संशयात, पटकन कारणं शोधायला न धावता राहता येण्यात. त्याला त्याने 'निगेटिव्ह कपॅबिलिटी' म्हटलं. हा शब्दप्रयोग आज मनोविश्लेषणातही वापरला जातो.

सतराव्या शतकातला महाकवी मिल्टन याचं प्रकरण मात्र वेगळं आहे, आणि मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. 'हायपीरियन' हे ग्रीक देवांवरचं महाकाव्य तो मिल्टनच्या चालीवर लिहीत होता. २१ सप्टेंबर १८१९ ला विंचेस्टरहून मित्र रेनॉल्ड्सला त्याने कळवलं की आपण ते सोडून दिलंय, कारण त्यात मिल्टनसारखी उलटसुलट वाक्यरचना फार झाली होती. त्याच पत्रात तो म्हणतो की रविवारी फिरायला गेलो होतो, कापणीनंतरची शेतं उबदार दिसली, ते इतकं भिडलं की त्यावर कविता केली. ती कविता म्हणजे 'टू ऑटम', शरद ऋतूला उद्देशून लिहिलेली. तिच्यात ग्रीक देव नाहीत. सफरचंदं आहेत, मधमाश्या आहेत, सायडर गाळायचं यंत्र आहे, चिलटांचा रडवेला घुमारा आहे आणि शेवटी आभाळात जमलेल्या पाकोळ्या. कीट्स कीट्स कसा झाला हे एका पत्रात पाहायचं असेल, तर ते हेच.

२३ फेब्रुवारी १८२१ ला तो रोममध्ये क्षयाने गेला. त्याआधी धाकटा भाऊ टॉम त्याच रोगाने गेला होता आणि त्याची शुश्रूषा यानेच केली होती. तरी बरीच वर्षं लोक मानत राहिले की टीकाकारांच्या कठोर लेखांनी त्याचा जीव घेतला. या समजाला बळ दिलं ते समकालीन कवी शेलीच्या 'अडोनेस' या शोककाव्याने. १८२२ मध्ये शेली बुडाला तेव्हा त्याच्या खिशात कीट्सचं पुस्तक सापडलं, म्हणजे प्रेम खरंच होतं. पण या दयेने कीट्सचं नुकसान केलं असं मला वाटतं. लोकांना हळवा मुलगा आठवला, कसून मेहनत करणारा कारागीर विसरला गेला.

त्याला पुन्हा वर आणलं चित्रकारांनी आणि चरित्रकाराने. १८४८ मध्ये मंक्टन मिल्न्सने लिहिलेलं चरित्र पत्रांसह आलं. त्याच वर्षी चित्रकार होल्मन हंटने कीट्सच्या 'द ईव्ह ऑफ सेंट अ‍ॅग्नेस' या कवितेवर चित्र काढलं. चित्रकार-कवी रोझेटीला ते इतकं आवडलं की तो हंटला जाऊन भेटला, आणि वर्षअखेरीपर्यंत प्री-राफेलाइट, म्हणजे राफाएलच्या आधीच्या चित्रकलेकडे वळू पाहणाऱ्या, चित्रकारांचा गट उभा राहिला. कवी टेनिसनच्या ओळींच्या नादमाधुर्यावर, पुढे पहिल्या महायुद्धात मारल्या गेलेल्या कवी विल्फ्रेड ओवेनच्या शब्दांवर कीट्सची छाप स्पष्ट आहे. अमेरिकन लेखक फिट्झजेराल्डच्या 'टेंडर इज द नाइट' या कादंबरीचं नावच कीट्सच्या नाइटिंगेल पक्ष्यावरच्या कवितेतून घेतलेलं आहे.

वाचायला सुरुवात करणार असाल तर कवितांच्या बरोबरीने पत्रंही घ्या. कवी-समीक्षक टी. एस. एलियटने ती कोणत्याही इंग्रजी कवीने लिहिलेल्या पत्रांत सर्वांत महत्त्वाची मानली होती. वर सांगितलेलं रेनॉल्ड्सला लिहिलेलं पत्र आणि 'टू ऑटम' एकाच बैठकीत वाचा, आणि मग 'हायपीरियन'च्या पहिल्या पन्नासेक ओळी. त्याने काय सोडलं आणि का, ते तुम्हाला कानाने कळेल.