काटा चोख आहे, तरीही?

प्रश्न : लातूर जिल्ह्यात आमचं भुसाराचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. शेतकऱ्याचं सोयाबीन घेतो, साठवतो, मिलला देतो. क्विंटलमागे शे-दीडशे सुटतात. मुलगी कॉलेजात अर्थशास्त्र शिकते. परवा जेवताना म्हणाली, ‘पप्पा, ते दीडशे शेतकऱ्याचेच आहेत. नफा म्हणजे शोषण.’ मी काटा मारत नाही, पैसे रोख देतो. तरी घास अडकला. तिचं खरं आहे का?

उत्तर : मी एकतीस वर्षं एका आडत पेढीवर, म्हणजे शेतकऱ्याचा माल कमिशनवर विकून देणाऱ्या दुकानात, दिवाणजी होतो, त्यामुळे तुमचा अडकलेला घास मला कळतो. दीडशेचं मनाला लावून घेऊ नका. गोडाऊनचं भाडं, अडकलेला पैसा, वजनातली घट, भाव पडला तर बसणारा फटका, सगळं त्यातूनच भागतं.

पण मुलीचा प्रश्न सोडूही नका. तो असा विचारा : या माणसाला माझ्याकडे न विकण्याची सोय होती का?

आमच्या पेढीवर एक म्हातारबाबा कांदा आणायचे. पेरणीला उचल आमच्याकडूनच घेतलेली. पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, मी लिहायचो : हमाली, तोलाई, आडत, मोटारभाडं, शेवटी उचल वजा. एकदा नऊ पोत्यांच्या पट्टीवर खाली चाळीस रुपये उरले. बाबांनी पट्टी उलटी करून मागची कोरी बाजू पाहिली. मग घडी घालून टोपीत ठेवली. त्या दिवशी शेजारच्या गाळ्यावर भाव बरा निघाला होता, हे त्यांनाही माहीत होतं, मलाही. पण उचल आमची, म्हणून माल आमचा. काटा चोख होता, पट्टीत एक पैसा खोटा नव्हता. तरी ते शोषण होतं, आणि ते माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे.

१८७५ साली पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकरी उठले, तेव्हा त्यांचा मुख्य रोख सावकारांच्या वह्या आणि कर्जरोख्यांवर होता. १८७९ च्या कायद्याने मग कोर्टाला रोख्यामागचा सगळा व्यवहार तपासायची मुभा दिली. अंगठा आहे एवढ्यावर भागेना.

तुम्हीही तसंच मागे जाऊन बघा. जूनमध्ये बियाणं-खत उधार देता का? दिलं असेल, तर दसऱ्याला तो माल दुसरीकडे दाखवू शकतो का? २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ होता आणि बाजार चार हजारांच्या आसपास घुटमळत होता. ज्याच्या डोक्यावर उधारी नाही, तो निदान थांबू शकतो. उधारीची वही आणि खरेदीची वही वेगळी ठेवा. ‘माल कुठंही घाल, माझे पैसे तेवढे आणून दे,’ असं तोंडाने सांगा. काही गिऱ्हाइकं जातील. जाऊ द्या.

‘हे धंद्यात जमत नाही’ असं मीही म्हणायचो. २०१६ साली राज्य सरकारने भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदारावर टाकली. व्यापाऱ्यांनी संप केला. पण बाजार कायमचे बंद पडले नाहीत.

आणखी एक. मुलगी मार्क्स वाचत असेल, तर त्याने शोषण दाखवलं ते मुख्यतः मजुराच्या श्रमात, त्यातून निघणाऱ्या वरकड मूल्यात, म्हणजे मजुरीच्या वर तो जे कमावून देतो त्यात. तुमच्या पत्रात शेतकरी आहे, मिल आहे, मुलगी आहे. ती पोती थप्पीला लावणारा हमाल कुठेच नाही. त्याला पोत्यामागे काय देता, आणि तो दर शेवटचा कधी वाढवला, हे आज रात्री जेवताना मुलीला सांगा.