मँडरिन : मांचूंचा नव्हे, आपलाच मंत्री

प्रश्न असा आहे : पहिल्या अफूयुद्धानंतर इंग्रजांशी तह करणाऱ्या छीयिंग या चिनी बादशहाच्या अधिकाऱ्याला लेखांमधून ‘मांचू मँडरिन’ म्हणतात; मांचू म्हणजे तेव्हा चीनवर राज्य करणारे लोक आणि मँडरिन म्हणजे चीनमधला सनदी अधिकारी. पण ‘मँडरिन’ हा शब्दच ‘मान दा रेन’, म्हणजे ‘मांचू साहेब’, यावरून आला ना? मग ‘मांचू मँडरिन’ हे पिवळं पीतांबर नाही का?

नाही. हा ‘मान दा रेन’ इतक्या ठिकाणी इतक्या ठामपणे सांगितला जातो की आता चीड येते. ‘दा रेन’ हे चिनी अधिकाऱ्याचं आदरार्थी संबोधन आहे, एवढं खरं. पुढचं सगळं रचलेलं. तारखा बघा की! ‘मांचू’ हे नावच मुळी त्यांचा राजा होंग तायजी यानं आपल्या जुर्चेन लोकांना दिलं १६३५ मध्ये. बीजिंग त्यांच्या हाती आलं १६४४ मध्ये. पोर्तुगीज कागदांत मात्र ‘मांदारिम’ सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातच सापडतो, म्हणजे चीनमध्ये मांचूंच्या आधीचं मिंग घराणं नांदत असताना. नातू आधी आणि आजोबा मागाहून, असला हा वंशवृक्ष.

शब्द आला कुठून? आपल्याकडून. संस्कृत ‘मंत्रिन्’ कितीतरी शतकांपूर्वी समुद्रापार गेला आणि मलाय भाषेत ‘मेंतेरी’ झाला. तिथे तो अजून नोकरीत आहे : क्वालालंपूरमध्ये पंतप्रधानाला ‘पर्दाना मेंतेरी’ म्हणतात, म्हणजे चक्क आपला प्रधानमंत्री. थाई भाषेतला ‘मोंत्री’ त्याचाच भाऊ. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतलं, १५११ मध्ये मलाक्का. तिथल्या दरबारी माणसांना लोक ‘मेंतेरी’ म्हणताना त्यांनी ऐकलं आणि पुढे चीनच्या किनाऱ्यावर भेटलेल्या अधिकाऱ्यांनाही तेच नाव चिकटवलं. चिन्यांचा स्वतःचा शब्द ‘क्वान’. त्यांना कुणी विचारलंच नाही.

इथे एक गंमत. ‘मंत्रिन्’च्या शेवटी न् आणि ‘मँडरिन’च्याही शेवटी न, म्हणून संस्कृत प्रातिपदिक (प्रत्यय लागण्याआधीचं मूळ रूप) जसंच्या तसं टिकलं असं सांगणारे उत्साही लोक भेटतात. चूक. मलाय रूपात तो न उरलेलाच नाही. ‘मँडरिन’मधला न हा पोर्तुगीज ‘-इम’चा नाकातला उच्चार आहे. वाटेत एक न गळला आणि भलत्याच घरचा दुसरा येऊन बसला!

आता ‘त’चा ‘ड’ कसा झाला? जुने युरोपीय पंडित म्हणत, पोर्तुगीज ‘मांदार’ म्हणजे हुकूम करणे, त्यावरूनच हा शब्द निघाला. यूल आणि बर्नेल या इंग्रज कोशकारांनी १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात ते मत पार उडवून लावलं आणि मंत्र्याला त्याचा हक्क दिला, हे उत्तमच केलं. पण माझ्या मते ‘मांदार’ला त्यांनी फारच झटकून टाकलं. तो बाप नसेल, बारशाला आलेली आत्या तर होता! हुकूम सोडणारा माणूस समोर, तोंडात ‘मेंतेरी’, कानात ‘मांदार’. पोर्तुगीज खलाशाची जीभ ‘द’कडेच वळणार. नुसत्या ध्वनिनियमांनी हे सुटतं असं मानणाऱ्यांनी खलाशी बोलताना ऐकलेले नसावेत.

राहिला छीयिंग. जन्म १७८७, राजघराण्याच्या आयसिन-ग्योरो कुळातला. २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानजिंगचा तह झाला त्यात मुख्य चिनी प्रतिनिधी हा आणि इलिबू. तह झाला ‘कॉर्नवॉलिस’ या युद्धनौकेवर, आणि ती नौका मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेली, १८१३ सालची. मंत्रीही इकडचा, जहाजही इकडचं! पुढे १८४४ मध्ये यानंच अमेरिकेशी आणि फ्रान्सशी तह केले आणि क्वांगतुंग-क्वांगशी या दोन प्रांतांचा कारभार १८४८ पर्यंत पाहिला. नवा बादशहा श्येनफंग आल्यावर १८५० मध्ये त्याला खाली उतरवलं. १८५८ मध्ये पुन्हा तियानजिनला वाटाघाटीसाठी धाडलं, तर इंग्रजांनी कँटनच्या दफ्तरात हाती लागलेलं त्याचंच जुनं टिपण त्याच्यासमोर वाचून दाखवलं. ‘या रानटी लोकांना कसं गोंजारून ताब्यात ठेवावं’ असा त्यातला मजकूर. म्हातारा परवानगीविनाच तिथून निघाला आणि बादशहानं त्याला आत्महत्येचा हुकूम दिला. इंग्रजांनी मात्र त्याआधीच एका चिनी जहाजाला त्याचं नाव देऊन ते लंडनला नेलं होतं. त्यावरचा हेशिंग नावाचा ‘मँडरिन’ लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनात व्हिक्टोरिया राणीपुढे झुकला आणि लोक त्याला चीनचा प्रतिनिधी समजले. शब्द तोवर इतका स्वस्त झाला होता.

त्यातही मौज अशी की बादशहाला अर्ज करताना मांचू अधिकारी स्वतःला पुष्कळदा ‘नूत्साय’, म्हणजे दास, म्हणवत. ‘छेन’, म्हणजे अमात्य, हे बिरुद हान, म्हणजे बहुसंख्य चिनी समाजातल्या, अधिकाऱ्यांचं. तेव्हा अर्थाच्या काट्यावर तोललं तर ‘मंत्री’ हान ठरतो, मांचू नाही.

तुमची द्विरुक्ती? नाही. चीनमधल्या कुठल्याही सनदी अधिकाऱ्याला मँडरिन म्हणत, मग तो हान असो की मांचू. म्हणून ‘मांचू मँडरिन’ चालेल. मला विचाराल तर छीयिंगला ‘दोन प्रांतांचा सुभेदार’ म्हणा, मराठी वाचकाला चटकन कळेल. आणि कृपा करून ‘मँडरिन ही मांचूंची भाषा’ असं लिहू नका. ती चिनी; मांचू भाषेचं कूळ वेगळं, लिपी वेगळी.